गोमती जहाजाचा मस्कतमधला मुक्काम

मुंबईहून एडनला जाणाऱ्या जहाजाच्या वाटेत मस्कत येत नाही. नकाशा उघडून बघा. मुंबईतून निघालेली रेघ अरबी समुद्र कापत सरळ पश्चिमेला जाते आणि मस्कत वर, उजव्या हाताला, बरंच लांब राहतं. तरी गोमती तिथे गेली होती, आणि म्हणून गेल्या जानेवारीत मीही गेले.

गोमती कोण, ते आधी सांगते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं हे इंग्रज आरमाराचं जहाज. लढाईचं नव्हे, सैनिक ने-आण करणारं. पांढरं अंग, त्यावर एक रंगीत पट्टा, तीन डोलकाठ्या आणि मधोमध धुराडं. वारा असेल तेव्हा शिडं, नसेल तेव्हा कोळसा. इंग्रज खलाशी तिला 'गूमटी' म्हणत. इंग्लंडहून पलटणी भरून आणायच्या, मुंबईत उतरवायच्या आणि मुदत संपलेल्यांना भरून परत न्यायचं, हे तिचं काम. मुंबईत उतरलेला सैनिक आगगाडीने घाट चढून पहिल्यांदा येई तो आमच्या देवळालीला. परत जाणाराही जहाजाची वाट बघत तिथेच बसे. ही जहाजं फक्त थंडीच्या हंगामात चालत. ज्याची मुदत ऐन उन्हाळ्यात संपली तो पुढचे कित्येक महिने देवळालीच्या बराकीत काही न करता पडून राही. त्यात काहींची डोकी फिरत. इंग्रजीत वेडसर माणसाला आमच्या गावाच्या नावाचा 'डूलाली' असा अपभ्रंश करून हाक मारतात, ती त्यामुळे. आम्ही देवळालीकर हे फारसं कोणाला सांगत नाही.

मी देवळाली कॅम्पमध्ये वाढले, तिथल्याच शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर या जहाजांच्या नादाला लागले. लायब्ररीत आणि इंटरनेटवर मिळेल ते वाचलं. त्यात गोमतीबद्दल एक गोष्ट सापडली. एका हंगामात तिला इंग्लंडला परतण्याआधी आखातातल्या एका ठाण्यावर सैनिकांची एक तुकडी उतरवायला पाठवलं. घरी निघालेली सैनिकांची कुटुंबंही तेव्हा जहाजावर होती. आखातातून बाहेर पडताना यंत्र बिघडलं आणि ती मस्कतच्या बंदरात शिरली. दुरुस्ती होईपर्यंत तिथे थांबली. तेवढ्यात एका सार्जंटचं मूल गोवराने गेलं. या जहाजांवर मुलं गोवराने जातच. खालच्या मजल्यावर, जिथे उजेड येत नाही अशा जागेत, बायकामुलं दाटीवाटीने ठेवलेली असत. एकाला आला की सगळ्यांना. एरवी अशी मुलं समुद्रात सोडत. हे बंदरात गेलं म्हणून त्याला जमीन मिळाली. मस्कतजवळ डोंगराच्या कुशीत एक छोटी खाडी आहे, तिथे बोटीनेच जाता येतं. इंग्रज आपली माणसं तिथे पुरत. यंत्र दुरुस्त झालं, गोमती निघाली. आईबाप जहाजावर होते.

पुढे गोमती जुनी झाली. यंत्रं काढून तिच्यात कोळसा साठवू लागले आणि शेवटी ती मोडीत निघाली. तिचं काहीच कुठे उरलेलं नाही. ती कबर तेवढी असावी, असा माझा हिशोब होता.

वादी कबीर

माझा भाचा निखिल मस्कतच्या वादी कबीर भागात राहतो. त्याच्या घराच्या एका बाजूला मोटारी दुरुस्त करणारे, दुसऱ्या बाजूला आपल्या लोकांचे फ्लॅट आणि जवळच मोठी शाळा. सकाळी खिडकीतून बघितलं तर रस्ताभर पिवळ्या बसगाड्या आणि त्यांच्या मधून वाट काढणारे आईबाप. पुण्यातल्या सोसायटीत सकाळी जशी घाई तशीच, फक्त हॉर्न कोणी वाजवत नाही. मला पहिले दोन दिवस ते चुकल्यासारखं वाटलं.

"आत्या, एवढ्या लांब आलीस ती कबर बघायला?" निखिल म्हणाला. "मोठी मशीद बघ, किल्ले बघ. वीकेंडला वादीत पोहायला नेतो."

मशीद बघितली. खरोखर भव्य आहे आणि अतिशय स्वच्छ. वादी म्हणजे डोंगरातला ओढा; तिथे पोहायला नको म्हटलं. त्याची मुलगी रिया आठवीत आहे. मराठी बोलताना प्रत्येक शब्दाआधी ती जरा थांबते. ती म्हणाली, "आत्याआजी, तुझी फ्रेंड पण इथे... राहते ना? मग तिच्याबरोबर जा ना."

तिचं खरं होतं. माझी वर्गमैत्रीण जैबुन मस्कतमध्येच होती. देवळाली कॅम्पातल्या बेकरीवाल्यांची जैबू. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिचं लग्न श्रीवर्धनच्या इब्राहिमभाईंशी झालं आणि ती मस्कतला आली. आधी पत्रं, मग काहीच नाही, मग व्हॉट्सअ‍ॅप. सकाळच्या फुलांच्या चित्रांपलीकडे आमचं फारसं बोलणं नव्हतं. तिच्या शेवटच्या निरोपात होतं, 'पुढच्या महिन्यात कायमचे श्रीवर्धनला चाललो. येणार असशील तर आत्ता ये.'

मत्रह

मत्रह म्हणजे जुनं बंदर. मागे काळेभोर उघडे डोंगर, त्यांवर एक झाड नाही, आणि पायाशी पांढऱ्या घरांची एक ओळ. निखिलने मला किनाऱ्यावरच्या रस्त्यावर सोडलं तेव्हा बंदरात एक पर्यटकांचं जहाज लागलं होतं. मागची मत्रह त्याने झाकूनच टाकली होती. त्यातून उतरलेले गोरे लोक अर्ध्या चड्डीत बाजाराकडे चालले होते. गोमतीतून यांचेच पणजोबा खापरपणजोबा आले असतील, लोकरीचे डगले घालून आणि झोळीत झोपून, असं मनात आलं.

जैबू बाजाराच्या तोंडाशी उभी होती. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं.

"वसू! केस किती पांढरे केलेस गं!" ती म्हणाली आणि मला मिठी मारून हलवू लागली. ती जाड झाली होती, एका गुडघ्यातून लंगडत होती आणि आवाज तोच होता, बेकरीच्या काउंटरपलीकडून ऐकू येणारा.

इब्राहिमभाईंचं बाजाराच्या आतल्या गल्लीत कापडाचं दुकान होतं. ते त्यांनी नुकतंच विकलं होतं. घर दुकानाच्याच मागे, वरच्या मजल्यावर. निम्मं सामान खोक्यांत गेलेलं. जैबूने खाली चटई टाकली आणि तांदळाच्या भाकरी, सुरमईचं आमसूल घातलेलं कालवण आणि वर कांदा असं वाढलं. मी मासे फारसे खात नाही. तिथे दोनदा घेतले. जेवण झाल्यावर इब्राहिमभाईंनी वाटीत ओमानी हलवा दिला. आपल्या हलव्याशी त्याचं नावापुरतंच नातं. काळसर, चिकट, केशर आणि गुलाबपाण्याचा वास आणि वर कडू कहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी. मी चमच्याने घ्यायला गेले तर ते म्हणाले, "नाय ताई, बोटानी. चमच्यानी खाल्ला तर ओमानी लोक हसतात."

सडपातळ, कमी बोलणारा माणूस. मी त्यांना खाडीबद्दल विचारलं. बोट कुठून मिळेल, कोण नेईल.

"त्या दरियात काय ठेवलाय, ताई? गोऱ्यांची हाडां," ते म्हणाले. "आणि आता उत्तरेचा वारा हाय. पाणी उचलतो."

मग मी त्यांना गोमतीची गोष्ट सांगितली. सार्जंटचं मूल, यंत्राची दुरुस्ती, जहाज निघून गेलं तेही. ते ऐकून घेत होते. जैबू भांडी उचलता उचलता थांबली.

"आई पण गेली जहाजावर?" तिने विचारलं.

"गेलीच असणार. राहणार कुठे?"

"मी येते तुझ्याबरोबर," जैबू म्हणाली.

इब्राहिमभाईंनी तिच्याकडे बघितलं. "तू? आखी जिंदगी बंदरावर काढली, एकदा बोटीत बसली नाय तू."

"म्हणून तर," ती म्हणाली.

खाडी

सलीम नावाचा ओमानी बोटवाला इब्राहिमभाईंनीच गाठून दिला. तो पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो. हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलतो. आम्हा दोघींना त्याने लाल जाकिटं चढवली, जैबूचं जाकीट काही केल्या पुढून बंद होईना, तेव्हा त्याने दोरीने बांधलं. "अम्मा, अब आप पार्सल हो गया," तो म्हणाला. जैबू हसली, पण बोट हलताच तिने माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ राहिला.

मस्कतच्या जुन्या बंदराभोवतीच्या कड्यांवर जहाजांची नावं रंगवलेली आहेत. इथे आलेल्या आरमारी जहाजांचे खलाशी पांढऱ्या रंगाने आपल्या जहाजाचं नाव खडकावर लिहून जात. पिढ्यान् पिढ्यांची नावं, एकावर एक, काही पुसट, काही अगदी ठसठशीत. सलीमने बोट हळू केली. मी गोमती शोधत होते. सापडली नाही. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने गेली असेल, किंवा तिने लिहिलंच नसेल. वाईट वाटलं, हे खरं. एवढ्या लांब येऊन माणूस थोडी आशा धरतोच.

दोन डोंगरांच्या फटीतून वळल्यावर ती खाडी अचानक समोर आली. वाळूचा लहानसा तुकडा, तिन्ही बाजूंना सरळ उभे कडे, आणि मधल्या सपाटीवर पांढरे क्रॉस आणि चुन्याचे चौथरे. रस्ता नाही, पायवाट नाही. लाट किनाऱ्यावर फुटत होती. सलीमने बोटीचं तोंड आत घातलं आणि ओरडला, "यल्ला, अम्मा, यल्ला!" मी उडी मारली ती कमरेएवढ्या पाण्यात. एक चप्पल गेली. जैबूला त्याने अक्षरशः उचलून खाली ठेवलं. पुढची लाट मोठी आली तसा तो बोट मागे घेत म्हणाला, "बाहर रुकता हूँ। पानी बैठेगा तो आऊँगा।" म्हणजे आम्ही दोघी आता तिथे अडकलो होतो.

मी ओल्या साडीत आणि एका चपलेवर कबरी बघत फिरले. बहुतेक खलाशी. उष्माघात, ताप, डोलकाठीवरून पडलेला एक. काही दगडांवरची अक्षरं वाऱ्याने खाऊन टाकलेली. जी हवी होती ती कड्याच्या पायथ्याशी सापडली. आखूड चौथरा, इतका आखूड की लांबूनच कळत होतं. दगडाचा वरचा भाग तुटलेला, त्यामुळे मुलाचं नाव गेलेलं. खाली 'सार्जंटचे बालक' आणि जहाजाचं नाव, शेवटची दोन अक्षरं सोडून. मी बोटाने अक्षरं चाचपली. इतकी वर्षं कागदावर वाचलेलं जहाज पहिल्यांदाच हाताला लागत होतं. फोटो काढले. आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली.

जैबू माझ्यामागे सावलीत, वाळूवर बसली होती.

"किती दिवस होतं जहाज इथे?" तिने विचारलं.

"काही दिवस. नक्की नाही माहीत."

"मग ती रोज येत असेल का इथे?"

"पुस्तकात नाही तसं काही. कोण आणणार रोज बोटीने? पुरायच्या दिवशी तरी आणलं की नाही, देव जाणे."

जैबूने चौथऱ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "माझी पण आहे इथे. मस्कतमध्ये."

मला कळलं नाही.

"मुलगी. पहिली. तुला लिहिलं नव्हतं. दिवस भरायच्या आधी झाली. चाळीस दिवसांची पण झाली नाही, गेली. मी तेव्हा इस्पितळात, टाके पिकलेले. हे शहराबाहेर, रुसैलला गोदामात नोकरीला होते. कंपनीच्या बसने यायचे-जायचे. त्या दिवशी दोस्ताच्या गाडीने आले, तिला घेऊन गेले आणि मातीला लावून परत आले. मला फक्त म्हणाले, झालं. बस. तेवढंच."

"तू कधी गेली नाहीस?"

"आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत गं. आणि विचारलं पण नाही कधी. पहिल्यांदा वाटायचं, विचारलं तर हे रडतील. मग मुलगे झाले, दुकान झालं. मग एवढी वर्षं झाली की विचारायची लाज वाटायला लागली. त्यांना आता जागा आठवते की नाही, ते पण मला माहीत नाही. आणि आता घर खलास, दुकान खलास, तिकिटं काढली." तिने मूठभर वाळू उचलली. "काल तू सांगितलंस ना, आई जहाजावर चढली. मला बघायचं होतं, कशी चढली असेल."

मी भूगोलाची शिक्षिका. मला सगळ्या जहाजांचे मार्ग सांगता येतात. "माहीत नाही जैबू," असं म्हटलं आणि तिच्याशेजारी वाळूवर बसले. तिच्या हातावर हात ठेवला.

"नाव काय ठेवलं होतं?"

"मरियम," ती म्हणाली. "तीस वर्षांनी बोलते मी हे नाव."

पाणी बसायला बराच वेळ लागला. आम्ही देवळालीचं बोललो. बेकरीच्या भट्टीचं, बराकींमागे चिंचा पाडायचो त्याचं. मधेच ती रडली, मधेच हसली. सलीमने परत बोट आत घातली तेव्हा जैबू माझ्या आधी पाण्यात शिरली आणि कोणी न उचलता वर चढायचा प्रयत्न करू लागली. शेवटी सलीमने वरून ओढलं, मी खालून ढकललं. ती बोटीच्या तळाशी पालथी पडली आणि तिथूनच म्हणाली, "वसू, कॅम्पात हे कोणाला सांगू नकोस."

परत मत्रह

घरी पोचलो तेव्हा इब्राहिमभाई जिन्यात उभे होते. दोघींचे कपडे भिजून वाळलेले, मिठाने पांढरे झालेले. ते काही बोलायच्या आत जैबू म्हणाली, "मला मरियमकडं जायाचं हाय."

सासरची बोली तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.

इब्राहिमभाई भिंतीला धरून उभे राहिले. मी आत जावं की खाली उतरावं, मला सुचेना. बाजारात कोणीतरी शटर ओढलं, त्याचा आवाज तेवढा वर आला.

"ताईंना सांगितला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरा केला," ते म्हणाले. "आधी च्या घ्या. कपडे बदला. उद्या सकाळी जाऊ. ताई, तुम्ही पण चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं त्यांच्या जुन्या गाडीतून निघालो. शहराबाहेर जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना तेच उघडे डोंगर. जैबूने पांढरी ओढणी घेतली होती आणि पाण्याची एक बाटली मांडीवर धरली होती. एका उतारावर त्यांनी गाडी थांबवली. कमरेएवढी दगडी भिंत आणि तिच्या आत पसरलेलं मोठं मैदान. मी आपल्याकडची दफनभूमी बघितली आहे. तिथे निदान नावाची पाटी असते, चुना असतो. इथे काहीच नाही. मातीचे उंचवटे आणि त्यांवर खोवलेले साधे दगड. श्रीमंताचा तोच, गरिबाचा तोच. नाव एकावरही नाही. हजारो सारखे दगड, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. यातली तीस वर्षांपूर्वीची, त्यातही एवढ्याशा बाळाची, कोण कशी ओळखणार?

"तुम्ही दोघी हितंच थांबा," इब्राहिमभाई म्हणाले. "भिंतीजवळ. हितून दिसतो."

जैबू भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांनी तिच्या हातातली बाटली घेतली, फाटकात चपला काढून ठेवल्या, ओठ हलवत काहीतरी म्हटलं आणि आत गेले.

ते एकदाही थांबले नाहीत. डावीकडे बघितलं नाही, मागे बघितलं नाही. दगडांमधून वाट काढत गेले, एका वाकड्या झुडपाजवळ वळले आणि थोडं पुढे जाऊन उभे राहिले. खाली वाकले. कलंडलेला एक लहान दगड सरळ केला, भोवतालची काटेरी पानं हाताने बाजूला केली आणि बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं. रोजचं काम करावं तसं. मग उठून आमच्याकडे तोंड केलं आणि एक हात वर केला. हलवला नाही. जैबूला जागा नीट दिसावी म्हणून तसाच धरून ठेवला.

जैबूने दोन्ही तळवे पुढे केले आणि दुआ मागितली. मी जरा लांब सरकले.

दुआ संपल्यावर तिने तोंडावरून हात फिरवले. इब्राहिमभाई अजून तिथेच उभे होते, हात वर. ती त्यांच्याकडे बघत मला म्हणाली, "सरळ गेले गं. शोधलं नाही त्यांनी."